भिंतीवर वाळत घातलेले बोंबील

१५ नोव्हें. ८६
आज कारखान्यात पहिला दिवस. बोईसर एमआयडीसी. वॉलपेपर बनवतात, म्हणजे भिंतीला चिकटवायचा डिझाईनचा कागद. आईला सांगितलं तर बोलली, रंग लावायला पैसे नाय काय त्या लोकांकडं? मी बोललो, पैसे जास्त झालेत म्हणून तर.

कॉलेजनं धाडलंय. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. होळीपर्यंत ट्रेनिंग आणि आपलं एक डिझाईन कारखान्यात खरोखरचं छापून आलं पाहिजे. नमुना नाय, विकायचा माल. नाय छापलं तर दाखला नाय. दाखला नाय तर दादाची होडी हायच. त्याचा एक खलाशी कमी झालाय. काल जेवताना बोलला, होळीपर्यंत थांबतो, भालू, मग तू चढ. ओरडून बोलला असता तर बरं वाटलं असतं.

होडीत मला ओकाऱ्या येतात. कोळ्याच्या पोराला. दादा सोडून माहीम गावात (मुंबईचं नाय, आमचं माहीम) कोणाला ठाव नाय, आणि दादानं आजवर कोणाला सांगितलं नाय. ह्यासाठी त्याला सगळं माफ.

१७ नोव्हें.
डिझाईन खात्याच्या मुख्य म्हणजे सुलभा मॅडम. (पुढे नुसतं मॅ. लिहिणार, हात दुखतो.) साताऱ्याच्या. नवरा वीज प्रकल्पात कामाला, कॉलनीत राहतात. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कधी कधी दोन. स्वतःची तारीफ स्वतःच करतात, दुसऱ्याची वाट बघत नाय. "मी जोडलेल्या वेलीचा सांधा अजून कोणाला सापडलेला नाही," असं आल्याबरोबर सांगितलं.

मी त्यांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर पोस्टर कलरनं एक झुरळ काढलं. सावलीसकट. जेवून आल्या, चप्पल काढली आणि दोन हाणल्या. झुरळ हललं नाय. सगळं खातं माना खाली घालून बसलेलं.

मॅ. नी चष्मा लावला. वाकून बघितलं. मला वाटलं, आलो त्याच गाडीनं परत.

बोलल्या, "मिशा आखूड आहेत. झुरळाच्या मिशा अंगाएवढ्या तरी असतात. कोणी काढलं?"

मी हात वर केला.

"बरं काढलंय. आता हेच रिपीटमध्ये बसवून दाखव. गुरुवारपर्यंत."

२० नोव्हें.
रिपीट म्हणजे काय ते कॉलेजात दोन वर्षं ऐकलं, डोक्यात आज गेलं. कागदाच्या उजव्या कडेला जे कापलं जातं ते डाव्या कडेला पुढं चालू झालं पाहिजे. वरचं खाली. मग पट्ट्याशेजारी पट्टा कितीही लावा, भिंत एकच दिसते.

माझ्या झुरळाचं धड एका उंचीला आणि डोकं दुसऱ्या. दोन कागद शेजारी ठेवले तर झुरळाला कुबड. मॅ. हसल्या नाय. कात्री घेतली, माझं चित्र मधोमध कापलं, डावा तुकडा उजवीकडं ठेवला, उजवा डावीकडं. ज्या कडा बाहेर होत्या त्या मधे आल्या, एकमेकींना चिकटून. "आता भोक कुठे आहे ते दिसतंय ना? ते भर." बस. मग उभा कापला तसाच आडवा.

एवढं सोपं असतं होय. मी घरी येऊन रेशनकार्ड सोडून सगळ्या कागदांना कात्री लावली. आईनं लाटणं दाखवलं तेव्हा थांबलो.

२ डिसें.
आज छपाईच्या शेडमधे. लांबच लांब टेबल, त्यावर कागद ताणून बसवलेला. दुलारे चाचा इथला उस्ताद, जौनपूरकडचा. पान खातो, पण कागदावर आजवर एक शिंतोडा नाय.

रंगागणिक वेगळी जाळी. लाकडाची चौकट, त्यावर ताणलेलं कापड, जिथून रंग पडायचा तेवढंच उघडं, बाकी बंद. वरून रबरानं रंग ओढायचा. एका बाजूनं चाचा ओढतो, मधे पोचला की समोरचा माणूस रबर झेलतो आणि पुढं नेतो. एकमेकांकडं बघत पण नाय.

आणि सरळ ओळीनं छापत नाय. एक घर, म्हणजे चौकटीएवढा भाग, छापतात, एक सोडतात, एक छापतात. टेबलाच्या टोकाला जाऊन परत येतात आणि सोडलेली घरं भरतात. का, तर शेजारचं ओलं असतं, चौकट टेकली की पुसलं जाणार. मी बघत राहिलो. पहिल्या फेरीला कागदावर नुसते तुकडे, तुटलेली फुलं, काय धड नाय. परत येताना सगळं जुळत जुळत आलं. बाग उगवत येते तशी. मला वाटतं मी तोंड उघडं ठेवून बघत होतो, कारण चाचा बोलला, "मुँह बंद कर, रंग जाएगा."

मग मला स्टोअरला धाडलं, रजिस्टरचं तेल आणायला. रंगावर रंग बरोबर बसवतात त्याला हे लोक रजिस्टर मिलाना बोलतात, तेव्हा मला पटलं. स्टोअरवाला बोलला संपलंय, बॉयलरवाल्याकडं असेल. बॉयलरवाला बोलला शेजारच्या कारखान्यात बघ. शेजारच्या वॉचमननं मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "दुलारे ने भेजा?"

असलं तेल जगात नाय. मला आजवर कोणी बनवलं नवतं. चाचाच्या पाया पडलो.

११ डिसें.
माझं पहिलं डिझाईन भिंतीवर लावलं. झुरळ नाय, जास्वंदीच्या कळ्या. हातात कागद धरला तर झकास. खात्यात एक भिंत रिकामी ठेवलेली हाय, तिच्यावर हातानं रंगवलेले चार पट्टे शेजारी लावून बघायचे हा मॅ. चा नियम. त्या दारापर्यंत मागं जातात, डोळे अर्धे मिटतात आणि मग बोलतात.

आज मलाच दारात उभं केलं. डोळे अर्धे मिटले आणि बघतो तर काय, सगळ्या कळ्या वरून खाली ओळीत उभ्या. कळ्यांच्या मधे पांढरे रस्ते पडलेले. आख्खी भिंत पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यासारखी. कागदावर त्यातलं काय म्हणजे काय दिसत नवतं.

"फूल काढणं हे अर्धं काम," मॅ. बोलल्या. "फुलांच्या मधली जागा पण तुझीच आहे."

नापास. पण हे वाक्य आवडलं. कोणी ऐकत नाय बघून दोनदा बोलून बघितलं.

१६ डिसें.
दुसरं पण नापास. पारिजात. ह्या खेपेला रस्ते तिरके. भिंत डावीकडं कलंडल्यासारखी वाटते. शिपाई बघून बोलला, मला चक्कर आली. चहा मागायचा बहाणा असेल, पण लागलं.

दादानं होडीला नवीन जाळं बघितलंय. जेवताना जाळ्याबद्दल बोलतो, माझ्याकडं न बघता.

१९ डिसें.
शुक्रवार, कारखान्यांची सुट्टी. आईनं पहाटेच हाकललं, बोंबील आलेत, हात लाव.

आमची वलांडी घरामागं समुद्राकडं. बांबू पुरलेले, मधे एकावर एक दोऱ्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर टाकायचे. एक इकडं लोंबतो, एक तिकडं. बांधायला लागत नाय, एकमेकांना धरून राहतात. जन्मापासून हेच करतोय.

आज अंग मोडून आलं होतं म्हणून मी पटापट कुठंपण टाकत होतो. आई बोलली, "भाल्या, वरचं पानी खालच्याच्या डोक्यावर गळंल. खाली जितं फट, तितं वरची जोडी टाक. हजारदा सांगितलं."

हजारदा सांगितलं हाय, खरं. आज ऐकलं.

दारापर्यंत मागं गेलो. डोळे अर्धे मिटले. प्रत्येक जोडी खालच्या दोन जोड्यांच्या मधे. कुठं रस्ता नाय, कुठं लेंगा नाय. वारा आला की सगळी भिंत एकदम हलते आणि तरी सांधा दिसत नाय. आईनं हे कुठल्या कॉलेजात... तिनं बोंबील फेकून मारला. "झोपतोस काय उभ्या उभ्या!"

दिवसभर न सांगता काम केलं. आईनं कपाळाला हात लावून बघितला, ताप हाय काय.

२३ डिसें.
चार दिवस तेच काढतोय. पहिल्यांदा बोंबील बोंबलासारखे काढले, घाण दिसले. मग डोळे काढून टाकले. मग कल्ले. अंगाला थोडी वळणं दिली, शेपटीला टोक. राहिली नुसती लांबट आकाराची जोडी, तोंडात तोंड अडकवलेली, आणि एक दोर झोका घेत जाणारा. जोडी फटीवर, जोडी फटीवर.

भिंतीवर लावलं. मॅ. दारापर्यंत गेल्या. डोळे मिटले. उघडले. परत मिटले. बाहेर गेल्या आणि खिडकीतून बघितलं. हे त्या कधी करत नाय असं सगळे बोलले.

"ही पानवेल तुला कुठे सुचली?"

मी बोललो, घरामागं हाय आमच्या.

खोटं नाय बोललो.

६ जाने. ८७
तीन रंग ठरले. जमीन, म्हणजे कागदाचा मूळ रंग, फिकी, वाळूची. त्यावर राखी, मग चंदेरी, शेवटी दोराचा काळसर निळा. मॅ. नी मला स्वतः रंग वेगळे करायला बसवलं. प्रत्येक रंगासाठी वेगळी पारदर्शक फिल्म आणि तिच्यावर काळ्या शाईनं तेवढाच भाग. राखी काय आणि चंदेरी काय, फिल्मवर सगळं काळंच. कुठला रंग कुठं ते डोक्यात ठेवून काढायचं. मी तीनदा चुकलो. चौथ्यांदा मॅ. शेजारी बसून स्वतः काढायला लागल्या. रेघ एकदा सुरू केली की श्वास सोडत नाय. मी पण नाय सोडला, माझंच डोकं गरगरलं.

आज एक पण खोडी केली नाय. चाचा विचारत होता, तबियत ठीक है?

१४ जाने.
जाळ्या तयार झाल्या. जाळीवर मसाला लावून अंधारात सुकवतात, मग फिल्म ठेवून उजेड देतात. जिथं काळं होतं तिथला मसाला पाण्यानं धुऊन जातो, बाकीचा घट्ट. पाण्याचा फवारा मारला आणि माझे बोंबील एक एक करून उघडे झाले. पाठून उजेड यायला लागला. मी ओरडलो. सगळ्यांना वाटलं बोट कापलं.

२२ जाने.
नमुना छापला. चाचा आणि समोर मी! रबर झेलताना पहिल्यांदा पाडलं. चाचा बोलला, ये दरिया नहीं है, पकड़. चंदेरी राखीवर बसलं तेव्हा केसाएवढी फट सुटली, चौकट जिथं टेकते ती खुंटी चाचानं केसभरच सरकवली आणि फट गेली. मग निळा दोर. दोर आल्याबरोबर सगळं टांगलं गेलं. तोवर नुसतं तरंगत होतं.

चाचा मागं झाला. बोलला, "बढ़िया पत्ती है."

मला सांगायचं होतं. नाय सांगितलं.

२९ जाने.
मुंबईचे शेट आले. ह्यांच्या हातात सगळं, त्यांनी माल उचलला तरच छापतात. हॉटेलांना, हॉलना वॉलपेपर पुरवतात. मॅ. नी सात डिझाईनं लावली होती, माझं सहावं. शेट पाच बघून चहा प्यायला लागले. सहावं बघून कप खाली ठेवला.

"आ तो बहु सरस. ये बेल किसने बनाई?"

मॅ. नी मला पुढं ढकललं. शेटनी हात मिळवला. गार, मऊ हात, अत्तराचा. दादरला नवीन थाळीचं हॉटेल निघतंय, त्याच्या जेवायच्या हॉलला हाच कागद, चारी भिंती. एकदम शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण पण नाय, असं कौतुकानं सांगत होते.

मी हसलो. मग हसू थांबेना. मॅ. बोलल्या, पोरगं आनंदानं वेडं झालंय.

घरी दादाला सांगितलं. (हॉटेलचं नाय, छापणार एवढंच.) त्यानं ताटातला मोठा तुकडा माझ्याकडं सरकवला.

१० फेब्रु.
छपाई पुढच्या आठवड्यात. मला झोप चांगली लागते. मी कोणाला फसवलंय का? विचारलं कोणी? उद्या कोणी विचारलं तर...

कोण विचारणार?

१२ फेब्रु.
आईनं विचारलं.

गुरुवारी ती बोईसरला सुकं विकायला बसते. आज पाटी लवकर रिकामी झाली तर सरळ कारखान्यात. वॉचमनला अर्धा शेर जवळा देऊन आत. मी शेडमधे होतो. मॅ. नी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बोलल्या, बघा तुमच्या मुलाची करामत, आणि भिंतीकडं नेलं.

मी धावत पोचलो तोवर उशीर झालेला. आई कमरेवर हात ठेवून उभी. खुशीत.

"ही तं माजी वलांडी," आई बोलली. "बोंबील कवा टांगलेस रं इते?"

मॅ. हसल्या. बोलल्या, नाही हो, ती पानं आहेत.

"पानं देठाला धरतात बाय. ही तोंडाला तोंड धरून हायत. बगा ना, खाली फट तितं वर जोडी. मीच शिकवलंय त्याला."

मॅ. नी चष्मा लावला. झुरळ बघितलं होतं तसंच वाकून बघितलं. मग दारापर्यंत मागं गेल्या. माझ्या पाठून आलेला चाचा पान चघळायचा थांबला होता.

आई सगळ्यांच्या तोंडाकडं बघत बोलली, काय झालं? चांगले हायत की.

१४ फेब्रु.
मॅ. ओरडल्या नाय. कालची सुट्टी धरून दोन दिवस वाट बघितली. आज समोर बसवलं. मी उभा राहतो बोललो, बोलल्या बस.

मी बोललो, मॅडम, पान तुमी बोललात, मी नाय बोललो.

"हो, मीच बोलले. बावीस वर्षं वेली काढते आणि मला देठ नसलेलं पान कळलं नाही." मग हसल्याच. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अंबाड्यातली पेन्सिल पडली. "एवढं चांगलं डिझाईन ह्या खात्यात मी सोडून कोणी काढलं नव्हतं."

मग हसायच्या थांबल्या. बोलल्या, शुद्ध शाकाहारी म्हणून आलेला माणूस त्या भिंतीसमोर बसून जेवणार आहे. त्याची माणसं जेवणार आहेत. उद्या त्यांच्यात तुझ्या आईसारखं कोणी आलं तर?

मी बोललो, दोराजागी देठ काढूया. एका रात्रीत करतो.

"करून बघ."

१५ फेब्रु.
केलं. तोंडं सोडवली, देठ लावले. भिंतीवर लावलं. पडलं सगळं. खरंच, भिंतीवरून घसरून खाली पडल्यासारखं दिसतं. पानं कोणाला धरून नाय.

मॅ. नी विचारलं, काय वाटतं?

बोललो, फाडून टाका.

त्यांनी नाय फाडलं, मलाच दिलं फाडायला. बोलल्या, नमुन्याच्या पुस्तकात प्रत्येक डिझाईनला नाव द्यावं लागतं. शेट गुरुवारी येतील, नाव विचारतील. "मी पण सांगू शकते. पण डिझाईन तुझं आहे."

म्हणजे माझ्यावर टाकलं. ह्या बाईला खोडी कळते.

१८ फेब्रु.
दादाला सगळं सांगितलं. हॉटेलचं पण. तो इतका हसला की आई बाहेरून धावत आली. मग बोलला, नको सांगू त्याला. छापून होऊ दे, दाखला घे, मग काय ते. "तुला होडीत घेऊन मला काय शौक हाय? बादली धरायला एक मानूस जास्त लागंल."

म्हणजे त्याला मी नकोच हाय होडीत. हे मला आज कळलं.

१९ फेब्रु.
शेडमधे टेबलावर कागद ताणून तयार. तिन्ही जाळ्या धुऊन उभ्या. चाचानं रंग ढवळून ठेवलेला. शेट आले, खुशीत, हातात पेढे. भिंतीसमोर उभे राहिले आणि बोलले, "नाम क्या रखा इसका?"

मॅ. खिडकीबाहेर बघायला लागल्या. चाचानं दाखवायला आणलेल्या रंगाच्या डब्याला झाकण लावलं.

दादा बोलला होता ते सगळं मला आठवलं. मी पानवेल बोलणार होतो. तोंडापर्यंत आलेलं. पण शेटनी डोळे अर्धे मिटले होते. कोणी न शिकवता. आणि इतकं मन लावून बघत होते की...

बोललो, बोंबील.

त्यांना समजलं नाय. मी हातानं दाखवलं, जबड्यात जबडा. सुकी मच्छी, शेट. माझी आई वाळत घालते. असंच.

पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातातच. चेहऱ्याचं काय झालं ते मी बघितलं नाय, मी बुटांकडं बघत होतो. पांढरे बूट. ते भिंतीकडं गेले. एकदम जवळ. शेट नाक लावून हुंगत होते.

"बास तो नहीं आती," बोलले.

मग परत दारापर्यंत. मला परत पानंच दिसतात, बोलले, ते पण रागावून, जसं काय माझी चूक. परत जवळ. आता मच्छी दिसते. परत लांब.

शेवटी बोलले, एक पट्टा गुंडाळून द्या. "घर पे बा है. कुछ नहीं बताऊँगा. दीवार पे लगाऊँगा, सामने थाली रखूँगा. बा ने पत्ती बोला तो छापो."

बा म्हणजे त्यांची आई. आणि पत्ती नाय बोलली तर, हे कोणी विचारलं नाय.

पेढे ठेवून गेले. चाचानं विचारलं, टेबलावरचा कागद काढू काय. मॅ. बोलल्या, राहू दे.

घरी आईला सांगितलं. ती बोलली, त्या म्हातारीनं कवा टांगलेत बोंबील? तिला पानंच दिसनार. मग बांगड्या मागं सारत, दुसऱ्याच आवाजात: "पन बाय हुशार असली तं?"

मला ठरवता येत नाय, ती हुशार असावी असं वाटतं की नाय.

२५ फेब्रु.
शेटचा निरोप नाय. दादाचं नवीन जाळं आलं, अंगणात पसरलंय. कागद अजून टेबलावर ताणलेला हाय. चाचा रोज सकाळी त्यावरची धूळ झटकतो आणि रंग ढवळून ठेवतो.